राखण

इतिहास, तत्त्वज्ञान आणि संस्कृती यांवरील ग्रंथांचे परीक्षण करणारा परंपरानिष्ठ माणूस मुळात राखण करीत असतो. पण राखण कशाची, हे ज्याला उमगले नाही, तो माळ्यावर बसून नुसत्या आरोळ्या ठोकतो.

लोणारच्या खाऱ्या सरोवराचेच पाहा. विष्णूने दैत्यसूदन होऊन पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडवले आणि आत दडलेल्या लवणासुराचा वध केला, ही कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्या सरोवराची नोंद केली, आणि आघाताच्या खुणा वागवणारे खडक व काच तपासून, काळ्या पाषाणातले हे सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर अशनीच्या आघाताचे आहे, हे १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडले. आता कोणी ग्रंथकार लिहितो की लवणासुर म्हणजे तीच उल्का, पुराणकारांना सारे ठाऊकच होते, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ते वाचून भरते येते. राखण करणाऱ्याने पहिली रेघ इथेच ओढावी. कारण या कौतुकापायी पुराण प्रयोगशाळेच्या दाराशी दाखल्यासाठी ताटकळते, आणि क्षाराने भरलेल्या भूमीवरही देवाचे पाऊल पडते, हे कथेचे सांगणे कोणी ऐकतच नाही.

राखणीचा दुसरा पदर विष्णुशास्त्री चिपळूणकरांपाशी उलगडतो. १८७४ पासून ‘निबंधमाला’ चालवताना त्यांनी मराठी गद्याला धार दिली, तिचे ऋण कोण नाकारील? तरी जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांवर लिहिताना भाषेच्या चुकांची खिल्ली उडवून त्यांनी फुल्यांच्या जातिविषमतेच्या प्रश्नाकडे पाठ फिरवली, तिथे माझ्या मते कुंपणानेच शेत खाल्ले. याच शास्त्रीबुवांनी काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह १८७८ मध्ये ‘काव्येतिहास-संग्रह’ काढला आणि वाड्यांतल्या पेटाऱ्यांत कसरीच्या तोंडी जाणाऱ्या बखरी व जुनी काव्ये छापून हाती दिली. ही राखण खरी, कारण तिच्यामुळे पुढच्या माणसाला, अगदी शास्त्रीबुवांशी मतभेद असणाऱ्यालाही, मूळ कागद वाचता आला.

म्हणून लोणारवरचा नवा ग्रंथ हाती आला, तर मी त्यात आधी हे पाहीन की दैत्यसूदनाच्या मंदिराची कोनाकोनांनी फिरत जाणारी मांडणी लेखकाने स्वतः हिंडून पाहिली आहे का, आणि कमळजादेवीच्या दर्शनाला विवरात उतरणाऱ्या बाईला लवणासुराची कथा कशी ठाऊक आहे, हे त्याने तिला विचारले आहे का.