सुकतीच्या वेळी मनोरीत

मनोरीला निघण्याआधी तिथी पाहा. कोकणात भरतीचा हिशेब तोंडीच होतो: तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढे वाजता पाणी पूर्ण चढतं. तृतीयेला सव्वादोन. म्हणजे सुकती सकाळी आठच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, पण आपल्याला पुरतो. मार्वे जेट्टीवरून फेरीबोट धरा, काही मिनिटांत खाडीच्या पलीकडे उतराल.

उतरल्यावर घाई नको. जिथून तिवरांखालचा चिखल दिसतो अशी कडेची जागा शोधा आणि उभे राहा. चिखलात पाय घालू नका. तो पाय ओढतो, शिवाय तिवरांची कोवळी रोपं तिथेच रुजत असतात.

आधी वास येईल. खारट, कुजका. नाक मुरडलं जाईल, जाऊ द्या. वरच्या पातळ थराखाली या गाळात हवा जवळजवळ नसते, आणि हवेवाचून जगणारे जीवाणू पडलेली पानं कुजवतात, त्याचा हा वास. याच कुजण्यातून कोळंबीच्या, माशांच्या पिल्लांचं पोट भरतं. एवढं समजून त्याच वासात एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता नजर तिवराच्या बुंध्याशी न्या. चिखलातून बोटभर उंचीचे शेकडो कोंब सरळ वर आलेत. ती मुळं आहेत. खाली हवा मिळेना म्हणून वर आलेली. सुकतीत ती हवा घेतात, भरतीत बुडतात आणि थांबतात. दिवसातून दोनदा. तुमचा श्वास आत-बाहेर होतो तेवढ्यात या झाडाचं काहीच झालेलं नसतं. त्याला पाण्याची वाट पाहायची असते. तुम्हीही थोडी पाहा. हातातला फोन पिशवीत गेला तर बरं.

तुम्ही आलात तेव्हा समोरचा चिखल रिकामा वाटला असेल. तुमच्या चाहुलीनेच तो रिकामा झाला होता. हलू नका. आधी एका बिळातून खेकडा डोकावेल, मग दुसऱ्या, मग सगळीकडून. एकच नांगी मोठी असलेले नर ती वर करून हलवतील. निवट्या अंगभर गाळ माखून पर आणि शेपटीच्या बळावर उड्या मारतील: मासा असून उघड्यावर, ओल्या कातडीतूनही श्वास घेत. थंडीचे दिवस असतील तर काठाने शेपटी हलवत तुतवार पक्षी फिरेल, उत्तरेकडून आलेला. चालायला आलो आणि उभेच राहिलो, असं वाटू देऊ नका. पाणथळीत उभं राहणं हाच चालण्याचा मोठा भाग आहे, असं मी मानतो.

ही झाडं इथे आहेत ती नुसती नशिबाने नव्हे. काही माणसांनी न्यायालयात जाऊन लढा दिला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळवन तोडण्यावर, त्यात भराव टाकण्यावर बंदी घातली, आणि 2018 च्या निकालात ती पक्की केली. भोवतीची 50 मीटरची पट्टीही राखायला सांगितली. त्या अनोळखी माणसांची एकदा मनापासून आठवण काढा.

मग फांद्यांकडे पाहा. दुधाच्या पिशव्या, चिंध्या अडकल्यात. सगळ्यात वरच्या पिशवीपर्यंत उधाणाचं पाणी चढलं होतं. हे सगळं आलं कुठून? तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून, मग वस्त्यांमधून वाहत याच खाडीला मिळते. आता डोळे मिटा आणि आपल्या घरातल्या मोरीपासून निघा. मोरीतून गटार, गटारातून नाला. तो नाला कुठल्या रस्त्याखालून जातो, कुठल्या नदीला, कुठल्या खाडीला मिळतो? जिथे वाट सापडेनाशी होते ती जागा लक्षात ठेवा. पुढचं चालणं तिथून सुरू करता येईल.