तिसरी चढाई

लालबाग, परळ, प्रभादेवी, दादर या गिरणगावच्या पट्ट्यात कबड्डी हा नुसता खेळ नव्हता. वस्तीचे, चाळीचे, खात्याचे नाव त्यात पणाला लागलेले असे. गिरण्यांचे संघ होते, गल्लीगल्लीची मंडळे होती. ना. म. जोशी मार्गावरचा श्रमिक जिमखाना, प्रभादेवीची चवन्नी गल्ली, दादरचे अमर हिंद मंडळ ही नावे कबड्डीच्या शौकिनाला सांगावी लागत नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक भोंगा बंद पडला. मदनपुऱ्यातून विणकाम खात्यात जाणारा मुसलमान कामगार आणि लालबागच्या चाळीतला कोकणी कामगार एकाच वेळी बेकार झाले. गिरण्यांचे संघ गेले, पण खेळ राहिला आणि सामना संपल्यावर त्यावर तासन्‌तास बोलण्याची सवयही राहिली.

या बोलण्याचा सूर आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. पकडी चांगल्या झाल्या, पण चढाईच नाही. पोरांच्या पायात दम नाही. प्रशिक्षक बाकावर बसून काय करत होता? त्याला काढा, ह्याला बसवा. हे सारे तावातावाने बोलले जाते आणि बोलणाऱ्याला आपण न्यायाचेच बोलत आहोत असे वाटत असते. ज्याने मैदानावर पाय ठेवलेला नाही, त्याला मैदानावरच्या माणसाला दोष देण्याचा हक्क आहे काय? असेल तर तो कुठून येतो आणि त्याची मर्यादा कोणती? प्रश्न खेळातला वाटला तरी तो नीतीचा आहे, आणि आपल्या समाजाला तर तो फार जवळचा आहे.

अलीकडचेच उदाहरण घेऊ. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मुंबईला यू मुंबा हा संघ मिळाला. पहिल्या तिन्ही हंगामांत तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये वरळीच्या डोममध्ये बंगळुरूला ३६-३० असे हरवून विजेता ठरला. २०१८ मध्ये इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली याला संघाने एक कोटी रुपये मोजून घेतले. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईने मुंबईसाठी चढायांचा धडाका लावला. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने सिद्धार्थला एक कोटी पंचेचाळीस लाखांना नेले. २०१९ च्या हंगामात फजलच्या नेतृत्वाखाली मुंबईची पकड पोलादी होती, मात्र चढाईची बाजू लंगडी पडली. १६ ऑक्टोबर २०१९ रोजी अहमदाबादला उपांत्य सामन्यात बंगालकडून ३७-३५ असा निसटता पराभव झाला. त्या वर्षी मुंबईच्या शौकिनांची तक्रार एकच होती : आपल्याला चढाई येत नाही. दोष मग दोघांच्या वाट्याला आला, तरुण चढाईपटूंच्या आणि प्रशिक्षकाच्या.

तक्रार खरी होती. परंतु चढाई कमी का पडते, हे समजण्यासाठी खेळाचा एक नियम नीट पाहिला पाहिजे. या स्पर्धेत एका संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, म्हणजे गुण मिळालाही नाही आणि गेलाही नाही, तर तिसरी चढाई निर्वाणीची होते. तीत गुण आणला नाही तर चढाई करणारा बाद. समोरच्या सातही गड्यांना हे ठाऊक असते. आज हा हात लावल्याशिवाय परत जाऊ शकत नाही, हे जाणून ते सापळा लावून उभे असतात. आता पाहा, पहिल्या दोन चढायांना जे गेले ते निदानरेषा ओलांडून, थोडे नाचून, सुखरूप परतले. त्यांच्या नावावर कोणतीच चूक लागली नाही. तिसऱ्या वेळी बहुधा एखादे नवे पोर पाठवले जाते, ते पकडले जाते आणि सारा डोम उसासतो. प्रेक्षकाला दिसतो तो पकडला गेलेला. जे काहीही न करता परत आले, ज्यांच्या सावधपणामुळे तिसऱ्यावर ही वेळ आली, ते कुणाच्या नजरेत येत नाहीत.

दोष देण्यात होणारा पहिला अन्याय हा असा होतो. ज्याचा पाय पकडला गेला त्याच्यावर आपण बोट ठेवतो. ज्याने धोका पत्करलाच नाही त्याला आपण शहाणा म्हणतो. घरात, जमातीत, मोहल्ल्याच्या कमिटीत आपण याहून वेगळे वागतो काय? शाळा काढायला निघालेला माणूस फसला की त्याच्या हिशेबावर चर्चा होते. वीस वर्षे नुसत्या बैठका घेणाऱ्यांचा हिशेब कुणी मागत नाही. रिकाम्या चढायांचीही कुठेतरी नोंद व्हायला हवी.

२०१९ च्या त्या मुंबई संघात अर्जुन देशवाल नावाचा चढाईपटू होता आणि प्रशिक्षक होते संजीव बालियान. दोघेही पुढे मुंबई सोडून जयपूरकडे गेले. २०२२ च्या हंगामात अर्जुनने चढाईचे २९६ गुण मिळवले, हंगामातले सर्वाधिक. १७ डिसेंबर २०२२ रोजी बालियान यांच्या जयपूर संघाने पुण्याला ३३-२९ असे हरवून विजेतेपद मिळवले. हरलेल्या पुणे संघाचा कर्णधार होता तोच फजल. आणि हा सामना झाला आपल्याच मुंबईत, वरळीच्या डोममध्ये. ज्यांच्या हातून मुंबईची चढाई सुधारली नाही तेच दोघे मुंबईतल्या प्रेक्षकांसमोर करंडक घेऊन गेले.

म्हणून २०१९ ची ओरड खोटी ठरते असे नाही. मुंबईची चढाई तेव्हा कमी पडत होती, हे सत्यच आहे. फक्त ‘चढाई कमी पडते आहे’ हे एक विधान आहे आणि ‘हा पोरगा कुचकामी, हा प्रशिक्षक नालायक’ हे दुसरे. पहिले विधान कृतीबद्दल आहे आणि ते दुरुस्तीची वाट मोकळी ठेवते. दुसरे माणसाबद्दल आहे आणि ती वाट बंद करते. पहिले बोलायला निरीक्षण लागते. दुसऱ्याला नुसता राग पुरतो.

आपल्या दीनी परंपरेने हा भेद फार पूर्वी केला आहे. पाठीमागे कुणाचा दोष सांगितला आणि तो खरा असला तर ती गीबत, खोटा असला तर ते बोहतान. दोष खरा आहे एवढ्यावर आपली सुटका होत नाही, हे यातले महत्त्वाचे. याच परंपरेत नसीहतीला मात्र दीनाचा गाभा मानले आहे. नसीहत म्हणजे खैरख्वाहीने, ज्याचा दोष त्याच्यापाशी, सुधारणेसाठी बोलणे. तेव्हा ‘गप्प बसा, आपल्याच माणसांना नावे ठेवू नका’ असा हुकूमही यातून निघत नाही. गीबत टाळायची म्हणून नसीहतही टाळली तर तो सोयीचा धर्म झाला.

उहुदची जंग आठवून पाहा. हिजरी सन ३, म्हणजे इसवी ६२५. मदिनेतच राहून बचाव करावा, असा पैगंबर मुहम्मद (स.) यांचा कल होता. तरुण सहाबींचा आग्रह बाहेर पडून लढण्याचा. मशविऱ्याअंती बाहेर जाण्याचे ठरले. टेकडीवर पन्नास तिरंदाज नेमले आणि काहीही झाले तरी जागा सोडू नका, असे त्यांना बजावले. जय दिसू लागताच त्यांतल्या बहुतेकांनी जागा सोडली. बाजी उलटली, सुमारे सत्तर सहाबी शहीद झाले, खुद्द पैगंबर (स.) जखमी झाले. दोष कुणाचा, हे साऱ्यांना दिसत होते. कुरआनने त्या चुकीवर पांघरूण घातलेले नाही. आले इमरान या सुऱ्यात ती स्पष्ट सांगितली आहे. मात्र त्याच सुऱ्यात पैगंबरांना असेही सुचवले आहे की या लोकांशी नरमाईने वागावे, त्यांना माफ करावे आणि पुढेही कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहावे. ज्यांच्या आग्रहाने बाहेर पडलो आणि ज्यांच्या हातून हार झाली, त्यांचाच पुन्हा सल्ला! चूक सांगितली, पण माणूस टाकला नाही. पराभवानंतरचा न्याय कसा असावा, याचा याहून कठीण धडा आम्हाला माहीत नाही.

दोष दाखवण्याचा हक्क कुठून येतो, याचे उत्तरही इथेच सापडते. तो येतो सोबत राहण्यातून. जो उद्याही त्याच सात जणांच्या बाजूने उभा राहणार आहे, त्याने आज कडक बोलावे. नात्यागोत्याची किंवा जातधर्माची सनद त्यासाठी लागत नाही. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक घेतले. डोके झाकून खेळणाऱ्या त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. वेगळा देश, वेगळी भाषा, वेगळा धर्म. तरी त्या मुलींच्या चुका दाखवण्याचा त्यांचा हक्क कुणी नाकारला असता काय? तो त्यांनी मैदानावर मेहनत करून कमावला होता.

आता आपल्या अधिक जवळच्या जागी येऊ. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकराच्या अकरा हरले होते, पण शिव्या मुख्यतः मोहम्मद शमीच्या वाट्याला आल्या, आणि त्या त्याच्या गोलंदाजीला नव्हत्या, नावाला होत्या. काही दिवसांनी कर्णधार विराट कोहलीने जाहीरपणे त्याची बाजू घेतली आणि धर्मावरून कुणावर तुटून पडणे ही अत्यंत हीन गोष्ट असल्याचे सांगितले. कर्णधार आपल्या गड्याच्या सोबत राहिला.

शमीचे दुःख आपल्याला लगेच कळते. त्याच्या उलट बाजूकडे मात्र आपले लक्ष जात नाही. अहमदनगर जिल्ह्यातला, मराठी बोलणारा अस्लम इनामदार पुण्याचा कर्णधार झाला, २०२३ च्या आशियाई सुवर्णविजेत्या भारतीय संघात खेळला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत त्याच्या पुणे संघाने हरियाणाला २८-२५ असे हरवून लीग जिंकली. आपल्या वस्त्यांतून आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा. पण त्या पोराच्या खांद्यावर आपण जर साऱ्या कौमची अब्रू ठेवली, तर त्याच्या चढाईचे वजन किती वाढते याचा विचार करावा. तो जिंकला तर कौम जिंकली, असे म्हणणाऱ्याला तो हरला तेव्हा कौम हरली, असेही ऐकावे लागते. एकाने नावावरून शिवी दिली आणि दुसऱ्याने नावावरून हार घातला, तर दोघांनीही त्याची चढाई पाहिलेली नसते. पायाची चपळाई, श्वासाचा हिशेब, बोनससाठी टाकलेले पाऊल हे सारे त्याचे स्वतःचे. ते पाहूनच त्याची तारीफ व्हावी आणि ते पाहूनच टीका.

चढाईला जाणारा एकटा जातो, ही गोष्ट खरी. पण कबड्डीचा कायदा असा आहे की त्याने समोरचा एक गडी बाद केला तर आपला बाद झालेला एक गडी जिवंत होऊन मैदानात परत येतो. त्याच्या धोका पत्करण्यावर बाकीच्यांचे परतणे अवलंबून असते. म्हणून चढाई कमी पडते, हे जरूर बोलावे, मोठ्याने बोलावे. संघाबद्दलही बोलावे आणि समाजाबद्दलही. फक्त बोलण्याआधी इतके पाहावे की पहिल्या दोन चढायांना कोण गेले होते, तिसरीला कुणाला पाठवले आणि पाठवणाऱ्यांत आपण होतो की नव्हतो. आणि तो पोरगा पकडला जाऊन मान खाली घालून बाकाकडे येत असेल, तेव्हा त्याच्यासाठी थोडे सरकून जागा करावी.