अंतर आणि अवधि

१६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीनजीकच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि जेथें आगगाडीला सारी रात्र लागते, तो प्रवास विमानानें दोन तासांच्या आंत आला. मुंबईहून पुढें लंडन सुमारें ७,२०० किलोमीटर. आगबोटीनें तेथें जावयास आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ विमान कैरो व जिनीव्हा येथें थांबत तिकडे गेलें. आज न थांबतां जाणारें विमान सुमारें दहा तासांत पोंचतें. पृथ्वी कांहीं आकसली नाहीं. अंतर तेंच, अवधि तेवढा घटला. त्यामुळें आपल्या कर्तव्यांत कांहीं वाढ झाली काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

चांदूर बाजारांतील एका घरचा मुलगा लंडनला नोकरीस आहे, अशी कल्पना करा. आगबोटीच्या काळीं आई अत्यवस्थ झाल्याची तार गेली, तरी तो वेळेवर येऊं शकत नसे. आणि त्याबद्दल त्याला कोणी दोषही देत नसे. जें अशक्य, तें कर्तव्य नव्हे, हा नीतिशास्त्राचा जुना दंडक आहे. पण शक्यतेची मर्यादा पुढें सरकली म्हणजे कर्तव्याचीही सरकते, ही त्याच दंडकाची दुसरी बाजू होय. आज न येण्यांत बहुधा आपल्या इच्छेचाही कांहीं वांटा असतो. समुद्राची सबब आतां पुरत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘तास घटले खरे, पण तिकिटाचे पैसे, रजा, मुलांच्या शाळा यांचें काय?’ आक्षेप रास्त आहे. ज्याचे हात खरोखर बांधलेले आहेत, त्याला घड्याळ दाखवून हिणवणें ही क्रूरता होय. माझें म्हणणें इतकेंच कीं, ‘येतां येत नाहीं’ आणि ‘यावेंसें वाटत नाहीं’ यांतील भेद ज्याचा त्यानें निदान स्वतःपासून तरी लपवूं नये.

चांदूर बाजार तालुक्यांतील माधान हें गुलाबराव महाराजांचें (१८८१–१९१५) गांव. तान्हेपणींच दृष्टि गेलेल्या या सत्पुरुषानें, १२९६ सालीं समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वरांची आपण कन्या आहों, या भावनेनें आयुष्य वेंचलें. सहा शतकें त्यांना आड आलीं नाहींत. उलट एकाच वाड्यांत भिंतीपलीकडे राहणाऱ्या भावांत वर्षानुवर्षें बोलणें नसतें, हेंही आपण पाहतों. मराठींत ‘अंतर’ हा शब्द दूरत्वालाही लागतो आणि अंतःकरणालाही. ‘अंतर देणें’ म्हणजे तर आपल्या माणसास टाकणें. विमानाचा उपयोग यांपैकीं पहिल्या अंतरापुरताच.

आकाशाच्या वरच्या थरांतील वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळें लंडनहून मुंबईस परततांना, जातांनापेक्षां बहुधा थोडा कमीच वेळ लागतो. घरीं येणाऱ्याला वाऱ्याचें एवढें साहाय्य आहे. निघण्याचा निश्चय मात्र ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो.