श्रेय आणि प्रेय

भाविकहो, ज्यात सुख अधिक ते कर्म अधिक मोलाचे, असे मानावे काय? कठोपनिषदात यमराजांनी बालक नचिकेत्यापुढे दीर्घायुष्य, हत्ती-घोडे, सुवर्ण, अप्सरा असे सारे मांडले. सुखाच्या राशीवरच मोल ठरत असते, तर ते घेणेच शहाणपणाचे होते. त्याने ते नाकारून मृत्यूपलीकडे काय, हेच पुन्हा विचारले. मग यमराजांनी त्याला श्रेय व प्रेय यांतील भेद सांगितला. गीतेच्या १८व्या अध्यायातही भगवंतांनी सुख मोजले नाही, त्याची प्रत पाहिली. सात्त्विक सुख आरंभी विषासमान, परिणामी अमृतासमान. दर्शनबारीतील तिष्ठणे (आम्हांलाही ते जड जाते) त्यातलेच म्हणावे. एका वृद्ध मातोश्रींना रांगेतून पुढे नेण्याचे आम्ही सुचविले. त्या ‘नको’ म्हणाल्या आणि जपमाळेचा पुढचा मणी ओढला.