कुलूप कोणाचे?

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले. ३० ऑगस्टच्या रात्री अमेरिकेचे शेवटचे लष्करी विमान उडाले. त्याआधीच्या दोहा करारावर, २९ फेब्रुवारी २०२० रोजी, सह्या झाल्या त्या अमेरिका आणि तालिबानच्या. अफगाण सरकारची सही त्यावर नव्हती. मग सामान्य माणसाला कोण विचारणार?

२३ मार्च २०२२ रोजी शाळा उघडणार म्हणून मोठ्या मुली दप्तरे घेऊन आल्या. काही तासांतच त्यांना परत पाठवले गेले. डिसेंबरमध्ये विद्यापीठांचे दारही बंद झाले.

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. वर्गात अभिमानाने सांगतो की पैगंबरसाहेबांवर (स.) उतरलेला पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे वाच. हा हुकूम फक्त मुलग्यांसाठी होता काय? अल-अजहरच्या प्रमुख इमामांनीही विद्यापीठबंदी शरीयतविरोधी ठरवली. तरी आम्ही बहुधा गप्पच. कोणी विषय काढला की म्हणतो, 'आधी अमेरिकेला जाब विचारा.'

जरूर विचारावा. वीस वर्षे राहून घाईने पाठ फिरवणाऱ्याचा हिशेब चुकता झालेला नाही. पण एकाच्या गुन्ह्याने दुसऱ्याचा गुन्हा धुतला जात नाही. आमच्यावर अन्याय झाला की आम्ही न्याय मागतो. आमच्या दीनच्या नावाने अन्याय होत असेल, तर 'हे आमच्या नावाने नको' एवढे तरी आम्ही मोठ्याने म्हणायला हवे. नाहीतर उद्या वर्गात 'इक्रा' शिकवताना समोरच्या मुलींच्या डोळ्याला डोळा कसा देणार?