वाटी धरता येत नही

धुळे,
आखाजीनंतरचा सोमवार

चि. छकुलीस,


चोवीस वर्षांच्या मुलीला छकुली म्हणू नये, हे मला कळतं. तरी आज म्हणू दे.

परवा फोनवर तू रडलीस, ते दादाला सांगितलेलं नाही. एम.एस्सी. नर्सिंगला जागा मिळाली, पण क्रिटिकल केअर हुकलं आणि सायकियाट्री पदरात पडलं, म्हणून रडू. 'आत्या, लोक म्हणतील, वेड्यांची नर्स,' असं बोलून गेलीस आणि मग एकदम गप्प झालीस, कारण आपण कोणाशी बोलतोय हे तुझ्या लक्षात आलं. मला राग नाही आला, हसू आलं. तुझ्या आजोबांनी शेवटपर्यंत भाऊबंदांत 'पोरगी दवाखान्यात आहे' एवढंच सांगितलं. कुठल्या वॉर्डात, ते कधी नाही.

तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. एक, या विषयात नर्सने करण्यासारखं आहे काय, औषधं तर डॉक्टरच लिहितात. दुसरी, प्रबंधाला विषय कुठला घेऊ. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. पंखा गरम हवा फेकतोय आणि दुपारी झोप तशीही येत नाही.

आधी एक जुनी गोष्ट. नव्वदच्या दशकातली. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, चूक माझी होती.

आखाजीला माहेरी आलेली एक बाई भरती झाली. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येण्याचा आजार, दोन वर्षांपासून लिथियमवर, आणि गोळ्या चुकवत नसे. माहेरी झोके झाले, गाणी झाली, चार दिवस उन्हातान्हात गेले. मग उलट्या-जुलाब. गावातल्या डॉक्टरने अंग दुखतं म्हणून दुखण्याची गोळी दिली. आमच्याकडे आली तेव्हा सगळे म्हणाले, ऊन लागलंय. सलाइन लावलं. मी संध्याकाळी ड्यूटीची ओव्हर घेतली. तिची आई पायाशी बसली होती. मला म्हणाली, "बाई, मनी अंडेरना हात कापतस. वाटी धरता येत नही."

मी रिपोर्ट बुकात लिहिलं : 'रुग्ण अशक्त. नातेवाईक चिंताग्रस्त.' आणि रात्री नऊला केसपेपरवर लिहिलेली लिथियमची गोळी माझ्या हाताने दिली.

पहाटे ती अडखळत बोलायला लागली. उठून चालायला गेली तर झोकांड्या. निवासी डॉक्टरने गोळी थांबवली, रक्त बाहेरच्या लॅबला गेलं, तिसऱ्या दिवशी आकडा आला : २.१. दीडच्या वर गेलं की विषबाधा धरतात, हे तुला पुस्तकात सापडेल. बाई वाचली. मूत्रपिंडंही वाचली. पण आईने मला निदान सांगितलं होतं आणि मी ते शुद्ध मराठीत भाषांतर करून फेकून दिलं होतं. लिथियमवरच्या माणसाची बोटं थोडी थरथरतातच, त्याने कोणी घाबरत नाही. वाटी धरता येत नाही इतका हात हलायला लागला की ती वेगळी गोष्ट असते. फरक त्या वाटीत होता. मी वाटी लिहिली नाही.

यातलं शास्त्र सोपं आहे. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ राखून ठेवायला लागतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही राखतं. वर आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी गेली की आणखी वाढतं. आता सांग, जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, नेमक्या त्याच दिवसांत लेकी माहेरी येतात, प्रवास एसटीचा, वाटेत लघवीला जायला लागू नये म्हणून बायका पाणी पीत नाहीत. हे सगळं लंडनच्या पुस्तकात कोण लिहिणार? ज्यांना मानसिक आजाराच्या औषधांबरोबर पॅसिटेनची गोळी चालू असते त्यांचा घाम कमी होतो, म्हणजे उन्हाळ्यात त्यांचंही अवघड. शेतात केळीचे घड उचलणाऱ्या माणसाला ही गोळी देताना 'दुपारी सावलीत बस' असं कोणी सांगतं का, आणि सांगितलं तर त्याला बसू देतात का? तू विषय शोधते आहेस ना?

आता तुमच्या प्रबंधांबद्दल. राग मानू नकोस, मी परीक्षक म्हणून बरेच चाळले आहेत. 'अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता.' साठ नमुने, प्री-टेस्ट, माहितीपुस्तिका वाटली, सात दिवसांनी पोस्ट-टेस्ट, गुण वाढले, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, आभार, परिशिष्ट. माणसाला सांगितलेलं सात दिवस लक्षात राहतं, हे आपण महाराष्ट्रात किती वेळा सिद्ध करणार आहोत? घरी गेल्यावर कोणाच्या हाताची वाटी सांडायची थांबली का, ते एकात नसतं. तुझ्या गाइड मॅडम हाच साचा सुचवतील, कारण तो वेळेत पुरा होतो. त्यांचंही चुकत नाही, त्यांच्या डोक्यावर बारा विद्यार्थी असतात. पण तू एकदा तरी वेगळं मागून बघ.

नर्सने करण्यासारखं काय, यावर हिल्डगार्ड पेप्लाऊंचं नाव तुला पहिल्याच महिन्यात शिकवतील. १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं : नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे, असं सांगणारं. ते १९४८ मध्येच लिहून झालं होतं. सहलेखक म्हणून कोणा डॉक्टरचं नाव नव्हतं, म्हणून चार वर्षं रखडलं. तुम्हाला प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायला लावतात, रुग्ण काय बोलला, मी काय बोलले, शब्दाला शब्द, त्यामागे ही बाई आहे. विद्यार्थिनी त्याला कंटाळतात आणि होस्टेलवर बसून संवाद रचतात. मीही रचले होते. एकदा मी लिहिलं, 'रुग्णाची समजूत काढली.' आमच्या ट्यूटरने लाल पेनने खाली लिहिलं, 'कोणत्या शब्दांत?' मला आठवेना, कारण मी काढलीच नव्हती.

दुसरं नाव लेन बोवर्स. हा लंडनचा मानसोपचार परिचारक. वॉर्डात भांडणं, मारामाऱ्या, पळून जाणं कशामुळे होतं, यावर त्याने वर्षानुवर्षं काम केलं आणि 'सेफवॉर्ड्स' नावाची पद्धत बांधली. १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत तपासली. निष्कर्ष २०१५ मध्ये आले : भांडणतंटे १५ टक्क्यांनी घटले, आणि बांधणं, कोंडणं, जबरदस्तीची इंजेक्शनं २६ टक्क्यांनी. त्यात औषध एकही नवं नव्हतं. वाईट बातमी द्यायची असेल तर कशी द्यावी, कर्मचारी आणि रुग्ण यांनी एकमेकांच्या आवडीनिवडी जाणून घ्याव्या, घरी जाणाऱ्या रुग्णाने मागच्यांसाठी चार बरे शब्द लिहून भिंतीवर लावावे, अशा दहा साध्या गोष्टी. मात्र हे उचलून जसंच्या तसं इथे लावू नकोस. त्यांच्या वॉर्डात रुग्णाजवळ घरचं माणूस नसतं. आपल्याकडे खाटेखाली सतरंजी टाकून आई, नवरा, दीर, कोणीतरी असतंच. त्या माणसाला आपण 'नातेवाईक बाहेर बसा' म्हणून हाकलतो. त्याला काय दिसतं, काय कळतं, तो कशाने भडकतो आणि कशाने शांत करतो, हा आपल्या जिल्ह्यांतला प्रश्न आहे आणि त्यावर फार काही लिहिलेलं मला तरी वाचायला मिळालं नाही.

रुग्णाच्या घराचा विचार महाराष्ट्रात कोणी केलाच नाही असं नाही. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत मिळून २८२ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मदत केली तर फायदा होतो का, हे पाहिलं. फायदा झाला, पण माफक, आणि त्यांनी तो माफकच म्हणून लिहिला. मला त्यातलं हेच आवडलं.

संख्याशास्त्राची भीती वाटते, असंही तू म्हणालीस. मग आपल्या धुळ्याच्या डॉ. जगन्नाथ वाणींबद्दल वाच. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला आणि हा आकड्यांचा माणूस घरच्या माणसाच्या बाजूने विचार करायला लागला. १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि २००४ च्या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' चित्रपटामागेही ते होते. तो अतुल कुलकर्णीसाठी सगळे बघतात. तू सोनाली कुलकर्णीकडे बघ, म्हणजे रुग्णाच्या बहिणीकडे. खाटेखालच्या सतरंजीवर बसलेलं माणूस ते.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे. खानदेशात एकही नाही. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा रुग्ण आधी भगताकडे, मग देवस्थानाला, मग पैसे संपल्यावर तुझ्यासमोर येतो. पिकअपच्या मागे, बैलाच्या चऱ्हाटाने बांधलेला, दोन काका धरून. तेव्हा पहिलं काम गोळीचं नसतं. दोर सोडायचा असतो. मी आधी त्याच्याशी बोलायचे, मग काकांना सांगायचे, गाठ तुम्हीच मारली, तुम्हीच सोडा. कापायला गेलं की कात्री बघून रुग्ण बिथरतो, हे एकदा अनुभवून शिकले. मग पाणी, तेही त्याच्या हातात पेला देऊन. मनगटावरचे वळ किती, कुठे, ओले की सुकलेले, हे केसपेपरवर लिहायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडाला पूर्ण बंदी केली आहे, आणि वॉर्डात बांधायचं तर दुसरा कुठलाच उपाय उरला नाही तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने, कारण लिहून. आमच्या काळी पट्टीने बांधलं तर नोंदही नसायची. सक्तीने मुंडण करायलाही आता मनाई आहे. आम्ही उवांच्या नावाखाली सरसकट करायचो. याची लाज वाटते, म्हणून तुला सांगून ठेवते. तमिळनाडूत एरवडीला मनोरुग्णांच्या आश्रमात २००१ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा २८ माणसं साखळीला बांधलेली होती म्हणून पळू शकली नाहीत. ती बातमी आली त्या रात्री मी ड्यूटीवर होते. दोन पट्ट्या सोडल्या आणि रात्रभर त्या खाटांजवळ स्टूल टाकून बसले.

आणि मानसोपचार फक्त मानसोपचाराच्या वॉर्डात असतो, असं समजू नकोस. कीटकनाशक प्यायलेला शेतकरी मेडिसिनला असतो. अ‍ॅट्रोपिन भरपूर गेलं की तो हवेतलं काही पकडतो, चादर चिवडतो, आणि नवी सिस्टर म्हणते, 'हा वेडाच होता वाटतं, म्हणून प्यायला.' औषधाचा परिणाम असतो तो. पाय मोडलेला माणूस ऑर्थोला तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या बघायला लागतो, कारण दारू तीन दिवस मिळालेली नसते. हे बहुतेक वेळा रात्री घडतं आणि रात्री तिथे नर्स असते, दुसरं कोणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मोजणीत आपल्या देशात मानसिक आरोग्याच्या कामात लाखामागे एकही पुरी नर्स भरत नव्हती. तुझं रडू आवरलं असेल तर आकड्यात तुझी भर घाल. (हे जरा भाषण झालं, खोडत नाही.)

विषय मी सांगणार नाही, पण कुठून सुरू करावं ते सांगते. एक साधी वही घे. रोज ओव्हरच्या आधी पाच मिनिटं, त्या दिवशी रुग्ण किंवा त्याचं माणूस जे बोललं त्यातलं एक वाक्य, त्याच्याच बोलीत लिही. अहिराणी असेल तर अहिराणी, लेवा असेल तर लेवा, पावरी कळली नाही तर आया-मावशींना विचारून. 'मना जीव घाबरस' आणि 'माले करमत नही' ही दोन्ही आपण 'अस्वस्थ' म्हणून लिहितो, आणि ती एक नाहीत. सहा महिन्यांत वहीच विचारायला लागेल. प्रश्न तयार झाला की मग ग्रंथालयात जा, नीतिमत्ता समितीपुढे जा, आणि संमती घेताना रुग्णाची घे. त्याला समजण्याइतकं बरं असेल त्या दिवसापर्यंत थांब. भावाची सही घेऊन काम उरकू नकोस.

होस्टेलवर कोणी रात्री-बेरात्री खचलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट. तोही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, स्वतःसाठीसुद्धा.

माझ्या जुन्या वह्या तुला हव्यात, असं म्हणालीस. सात आहेत. पोस्टाने पाठवणार नाही, सुट्टीत येऊन घेऊन जा. त्यात रुग्णांची खरी नावं आणि गावं आहेत, ती आधी काळ्या शाईने खोडते आहे. चौथ्या वहीपर्यंत आले. आखाजीची ती बाई पाचवीत आहे.

तुझी,
आत्या

ता. क. लिथियमसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचं. सकाळची गोळी देऊन मग रक्त काढणाऱ्या सिस्टर अजूनही भेटतात.