बिनविरोधाची किंमत

प्राध्यापक संघटनेच्या कार्यकारिणीची मुदत संपत आली की नव्या नावांची जुळवाजुळव सुरू होते. प्रत्येक जिल्ह्याला एक जागा, मोठ्या शिक्षणसंस्थांना एकेक, एखादी महिला प्रतिनिधी, शिवाय मागच्या वेळी राहून गेलेले एक नाव. त्यातूनही कोणी स्वतंत्रपणे अर्ज भरलाच, तर ज्येष्ठांपैकी एकाचा फोन जातो, ‘सर, तुमचं पुढच्या वेळी नक्की बघू. आत्ता एकी दिसू द्या.’ अर्ज मागे घेतला जातो, कार्यकारिणी बिनविरोध निवडून येते आणि अभिनंदनाचे संदेश फिरू लागतात. सगळ्याच संघटनांत असे होते असे नाही. पण जिथे होते, तिथे ते समंजसपणाचे लक्षण मानले जाते. मला मात्र वाटते की या समंजसपणात संघटना जेवढे वाचवते त्याहून जास्त गमावते आणि जिंकण्याची आशा नसलेल्या माणसानेही अर्ज कायम ठेवणे हे संघटनेच्या हिताचे काम आहे.

आधी हे मान्य करायला हवे की कार्यकारिणीचे काम हौसेने मागून घ्यावे असे नाही. शासन निर्णय बारकाईने वाचायचे, सहसंचालक कार्यालयात अडकलेल्या फायलींचा पाठपुरावा करायचा, कोणाची वेतननिश्चिती चुकली, कोणाची स्थाननिश्चिती रखडली, कोणाच्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यताच आली नाही, हे सगळे निस्तरायचे. बिंदुनामावलीतला घोळ दाखवून दिला की संस्थाचालकाची नाराजी घ्यायची. निलंबित सहकाऱ्याबरोबर चौकशीला बसायचे. हे सगळे स्वतःचे तास सांभाळून आणि बिनपगारी. सिडनी आणि बिअ‍ॅट्रिस वेब या दांपत्याने ‘इंडस्ट्रियल डेमॉक्रसी’ या १८९७ सालच्या ग्रंथात इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या कामगार मंडळांचे वर्णन केले आहे. तिथे पदे पाळीपाळीने घ्यावी लागत आणि नकार देणाऱ्याला दंड होई. म्हणजे पदासाठी माणूस न मिळणे हे दुखणे जुनेच आहे. बिनविरोध निवडीमागे दर वेळी कारस्थान असते असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. पुष्कळदा तिच्यामागे निव्वळ उदासीनता असते. पण उदासीनतेला एकमत म्हणून मिरवले की ती बरी करण्याची गरजच कोणाला वाटेनाशी होते.

प्राध्यापकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होण्याचे कारण कायद्यात आहे. बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या संकल्पनेची व्याप्ती वाढवली आणि शिक्षणसंस्थाही तिच्यात आल्या. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, गोव्यातल्या एका शाळेतून कमी केलेल्या शिक्षिकेचा, ए. सुंदरांबाळ यांचा, खटला त्याच न्यायालयापुढे आला. शाळा हा उद्योग असला तरी औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे, असा निकाल लागला. म्हणजे एकाच महाविद्यालयातला लिपिक कामगार ठरू शकतो, प्राध्यापक ठरत नाही. बडतर्फीविरुद्ध दाद मागायला विद्यापीठ कायद्याखाली न्यायाधिकरण आहे. पण तिथे एकेकट्याचे अपील चालते. वेतन, निवृत्तिवेतन, पदभरती अशा सामूहिक मागण्यांसाठी कामगार कायद्याने दिलेली तडजोडीची चौकट प्राध्यापकांच्या वाट्याला आली नाही. त्यांच्या संघटनेशी सरकार बोलते ते दोनच कारणांनी: तिच्यामागे माणसे आहेत म्हणून, आणि ती खरोखर त्यांच्या वतीने बोलते असे समोरच्याला वाटते म्हणून. ही दुसरी गोष्ट मतपेटीखेरीज कशी सिद्ध करणार?

२०१३ च्या परीक्षा बहिष्काराने हे चांगलेच दाखवून दिले. महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने, म्हणजे एम्फुक्टोने, फेब्रुवारीत पुकारलेला हा बहिष्कार मे महिन्यापर्यंत चालला. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीबरोबर १९९१ ते २००० या काळात नेमल्या गेलेल्या, नेट-सेट नसलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न त्यात होता. सरकारने ७१ दिवसांचे वेतन रोखले आणि त्या वेतनाची मागणी पुढे कित्येक वर्षे आंदोलनांच्या यादीत राहिली. ज्यांचा नेट-सेटशी काही संबंध नव्हता त्यांचाही पगार गेला. हीच संघटनेची खरी कमाई. दुसऱ्याच्या प्रश्नासाठी आपला पगार पणाला लावायला माणसे तयार झाली. पण हा त्याग मागण्याचा अधिकार नेतृत्वाला कुठून मिळतो? ज्या सभासदाला पाच-सहा वर्षांत एकदाही मत विचारलेले नाही, त्याच्याकडे एके दिवशी थेट ७१ दिवसांचा पगार मागणे हे नैतिकदृष्ट्या अवघड जायला हवे.

विसंगती आणखी एका ठिकाणी दिसते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अनेक अधिकारपदे निवडणुकीतून काढून नियुक्तीकडे नेली. १९९४ च्या कायद्यात विद्याशाखेतून निवडून येणारा अधिष्ठाता आता निवड समितीमार्फत नेमला जातो. याविरुद्ध संघटनांनी केलेली टीका रास्त आहे. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतील पदवीधरांची निवडणूक लांबत लांबत सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, तेव्हा तिच्या विलंबावर झालेली टीकाही रास्तच होती. पण विद्यापीठाने नेमणुकीऐवजी निवडणूक घ्यावी असे सांगणाऱ्या संघटनेची स्वतःची कार्यकारिणी बंद खोलीतल्या यादीवरून ठरत असेल, तर तिच्या बोलण्यातला जोर ओसरतो. अधिसभेवर निवडून येणाऱ्या दहा प्राध्यापकांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागास प्रवर्ग आणि महिला यांना एकेक जागा कायद्याने राखलेली आहे. मतदानही पसंतीक्रमाचे आहे. ज्या कायद्यावर आपण टीका करतो, त्याच्या या भागाइतकी तरी काळजी किती संघटनांच्या घटनेत घेतलेली आढळेल?

बिनविरोधाच्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद आहे. निवडणूक झाली की पॅनेल पडतात, पॅनेलमागे जाती आणि संस्था उभ्या राहतात, संस्थाचालक आपली माणसे घुसवतात आणि उरलेली शक्ती एकमेकांना पाडण्यात खर्च होते. हे काल्पनिक भय नाही. कोणत्याही सहकारी पतसंस्थेची निवडणूक पाहिलेल्या माणसाला ते पटेल. पण पडद्याआडच्या सहमतीने जात, संस्था आणि पैसा नाहीसे होतात का? जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया रद्द केली, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले होते. वरून एकी, आतून बोली. संघटनेत पैशांची बोली लागते असे मला मुळीच म्हणायचे नाही. मुद्दा एवढाच की विरोध दिसत नाही म्हणून सौदा झाला नाही असे होत नाही. उघड निवडणुकीत निदान जातीचे गणित मांडणाऱ्याला ते चारचौघांत मांडावे लागते.

रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ साली असा सिद्धान्त मांडला की प्रत्येक संघटना, ती लोकशाहीची कितीही शपथ घेवो, अखेर मूठभरांच्या हातात जाते. हा सिद्धान्त कुठे लागू पडत नाही याचा शोध लिप्सेट, ट्रो आणि कोलमन या तिघांनी घेतला आणि १९५६ मध्ये ‘युनियन डेमॉक्रसी’ हे पुस्तक लिहिले. त्यांना सापडली ती उत्तर अमेरिकेतल्या मुद्रण कामगारांची इंटरनॅशनल टायपोग्राफिकल युनियन. तिच्यात दोन पक्ष होते, ते नियमाने लढत आणि सत्तेवरचे लोक हरतही. त्याने युनियन फुटली नाही. याचे एक कारण मला फार मोलाचे वाटते: पुढारी आणि साधा जुळारी यांच्या मिळकतीत आणि प्रतिष्ठेत फारसे अंतर नव्हते. हरलेला अध्यक्ष परत खिळे जुळवायला बसला तरी त्याचे आयुष्य उद्ध्वस्त होत नसे, म्हणून खुर्ची सोडणे त्याला जड जात नसे. प्राध्यापकांची स्थिती नेमकी अशीच आहे. पद गेले तरी वर्ग, वेतनश्रेणी आणि ग्रंथालय जागच्या जागी असते. लढून हरणे ज्यांना सर्वांत स्वस्त पडते, त्यांनीच लढायला कचरावे, हे विचित्र आहे.

दीर्घ अनुभवाची किंमत मी कमी लेखत नाही. प्रा. बी. टी. देशमुख यांनी नागपूर-अमरावती भागात ‘नुटा’ या प्राध्यापक संघटनेचे नेतृत्व वर्षानुवर्षे केले आणि अमरावती पदवीधर मतदारसंघातून ते सुमारे तीस वर्षे विधान परिषदेत होते. कायद्याचे कलम न् कलम तोंडपाठ असलेला असा माणूस दर तीन वर्षांनी घडत नाही. पण त्यांना विधान परिषदेत पाठवले ते मतदारांनी, दर खेपेला नव्याने. जाणत्या नेत्याला निवडणुकीपासून वाचवण्याची गरज नसते. जो जाणता आहे त्याला मते मागताना आपले ज्ञान सभासदांना समजावून सांगावे लागते आणि त्यातून दुसरी फळी तयार होते.

आज या दुसऱ्या फळीत कोण असायला हवे? तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, ज्यांना शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात आणि सुट्टीचे मिळत नाहीत. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, ज्यांच्या वाट्याला जुने निवृत्तिवेतन आले नाही. विनाअनुदानित महाविद्यालयांतले, ज्यांच्या बाबतीत वेतन आयोग बहुधा कागदावरच राहतो. यांचे आणि कायम प्राध्यापकांचे हित दर वेळी एक नसते. कार्यभाराचे वाटप हाच वादाचा विषय होऊ शकतो. सहमतीच्या यादीत असे वाद मिटत नाहीत. ते फक्त विषयपत्रिकेवर येत नाहीत. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना मताधिकारासह सभासदत्व, त्यांच्यासाठी राखीव जागा, पसंतीक्रमाचे मतदान आणि एका पदावर सलग दोनच मुदती, एवढे घटनेत आले तरी पुष्कळ फरक पडेल.

घटना बदलेपर्यंत थांबायचे कारण मात्र नाही. ज्याला आपल्या महाविद्यालयातला एखादा प्रश्न नीट ठाऊक आहे, त्याने त्या एका प्रश्नावर अर्ज भरावा, तो कागदावर मांडून वाटावा आणि फोन आला तरी अर्ज ठेवावा. तो बहुधा हरेल. पण सहाशे मतांपैकी दोनशे मते तासिका तत्त्वाच्या प्रश्नावर पडली, तर जिंकलेल्या कार्यकारिणीला तो आकडा विसरता येणार नाही, आणि मंत्रालयात चर्चेला बसताना तोच आकडा तिच्या उपयोगी पडेल. बिनविरोध निवडून आलेल्या अध्यक्षाकडे अशा वेळी दाखवायला असतो तो फक्त अभिनंदनाचा ठराव.